कसनुसं म्हणजे काय, आत्या?

आमच्या खडकवासल्यातल्या मुलांना पुढे काय व्हावे हा प्रश्न फारसा पडत नाही. गावाच्या एका अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९५५ पासून तिथे देशभरातली मुले येतात आणि अधिकारी होण्याच्या वाटेला लागतात. दुसऱ्या अंगाला पाण्याचा नि विजेचा अभ्यास करणारे केंद्रीय संशोधन केंद्र; त्याची सुरुवात तर १९१६ ची. तेव्हा ज्याची छाती रुंद तो प्रबोधिनीच्या फाटकाकडे पाहतो, ज्याचे गणित बरे तो इंजिनिअरिंगकडे वळतो, आणि ज्याच्या दोन्ही बाजू लंगड्या तो रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसे भाजतो व पहिल्या दोघांच्या आधी पक्के घर बांधतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले आणि आम्ही कागदोपत्री पुणेकर झालो. पण महत्त्वाकांक्षांची ही वाटणी काही बदलली नाही. फरक एवढाच, की २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही दाखल होऊ लागल्या, २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली, आणि मुलींच्या आईबापांनाही त्या फाटकाकडे पाहण्याची मुभा मिळाली.

अशा गावात २०२४ साली माझ्या भाचीने बारावीचा निकाल लागल्यावर, सगळे चहाला बसले असताना, सांगून टाकले की मी नर्सिंगला जाणार. दादाने कप खाली ठेवला. वहिनीने गॅस बारीक केला.

"नर्सिंग म्हणजे?"

"बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांची पदवी आहे."

"म्हणजे नर्सच ना?"

"हो बाबा. नर्सच."

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण 'च' या एका अक्षरात किती मावते ते मला त्या दिवशी कळले. बापाच्या 'च' मध्ये सगळी निराशा होती, आणि मुलीच्या 'च' मध्ये तिने मारलेली मांड. शब्द तोच, अव्यय तेच. वर्गात मी हे उदाहरण अजून वापरलेले नाही. पण कधीतरी वापरीन.

दादाचे आक्षेप नवे नव्हते. मार्क बरे आहेत मग दुसरे काही का नाही, रात्रपाळ्या असतात, उद्या लग्नाचे बघायचे म्हणजे स्थळे नाक मुरडतात. आणि शेवटचा आक्षेप त्याने आवाज उतरवून सांगितला, कारण आत आई झोपली होती. "लोकांची घाण काढायला शिकवली का तिला?" यावर भाची काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "बाबा, २०२० च्या मार्चमध्ये गच्चीवर जाऊन थाळी कोणी वाजवली होती? आजीची पितळी होती. पोचा पडलाय तिला अजून." दादा उठून बाहेर गेला.

थाळ्या आपण सर्वांनीच वाजवल्या. त्याच दिवसांत दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकांना भाड्याची खोली सोडायला सांगणारे घरमालकही देशात निघाले, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. आपल्या समाजाची या व्यवसायाशी असलेली वागणूक ही अशी आहे. दुरून ओवाळायचे, पण घरात नको.

आणि हे आजचे नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्यात रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. आज त्यांचे नाव विद्यापीठाला आहे. पण त्यांच्या मरणाची ही हकीगत सांगताना आपण 'शिक्षिका' या शब्दावर जितके रेंगाळतो तितके 'शुश्रूषा' या शब्दावर रेंगाळत नाही. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, आणि थोड्याच वर्षांत तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. कल्पना करून पाहा. त्या काळच्या पुण्यातली विधवा. तिने घराचा उंबरा ओलांडायचा, तोही परक्या पुरुषांच्या खाटांमधून फिरण्यासाठी, कोणत्या जातीच्या माणसाच्या अंगाला हात लागेल ते न विचारता. रमाबाईंना पुण्याने काय काय ऐकवले असेल! दादाचा आवाज उतरवून सांगितलेला आक्षेप तेव्हा चढ्या आवाजात सांगितला जात होता, एवढाच फरक.

पदवी हा प्रकार मात्र बराच उशिरा आला. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर या दोन ठिकाणी आपल्या देशात परिचर्येची पहिली पदवी सुरू झाली. आपल्याकडे १९६४ हे साल महत्त्वाचे. त्या एकाच वर्षी मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले आणि पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशेजारी परिचर्येचे महाविद्यालय निघाले. तिथून पदवी घेणारी मुलगी लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी होते. आमच्या इथे प्रबोधिनीच्या परिसरात लष्करी रुग्णालय आहेच. दादा प्रबोधिनीच्या कचेरीत नोकरीला. खांद्यावर तारे असलेल्या सिस्टर त्याच्या रोज पाहण्यातल्या, आणि 'मॅडम' म्हटल्याशिवाय तो त्यांच्याशी बोलत नाही. मी त्याला एवढेच विचारले, "त्या काय करतात रे दवाखान्यात?" तो म्हणाला, "त्यांचं वेगळं आहे." काय वेगळे आहे ते काही त्याला सांगता आले नाही.

पण भाचीने हा निर्णय ना सावित्रीबाईंमुळे घेतला, ना ताऱ्यांमुळे. त्याचे कारण आतल्या खोलीत झोपले होते.

२०२३ च्या पावसाळ्यात आई ओट्याशी पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आईला मधुमेह. दुसऱ्या रात्री सोबतीला भाची होती, तेव्हा बारावीतली. रात्री कधीतरी आई म्हणू लागली, "मला कसनुसं होतंय गं." पोरीने जाऊन पाळीवरच्या सिस्टरला सांगितले. ती आली. मराठीच मुलगी, पंचविशीची. तिने विचारले, "दुखतंय का?" आई म्हणाली, "नाही." "मळमळतंय?" "नाही." "मग काय होतंय?" "कसनुसं होतंय." त्या मुलीने रक्तदाब पाहिला, तो ठीक होता, कागदावर काहीतरी लिहिले आणि "झोपा आजी" म्हणून ती गेली. अर्ध्या तासाने आई पुन्हा तेच म्हणू लागली. पुन्हा तेच उत्तर मिळाले.

मग फेरीला मोठ्या सिस्टर आल्या. केरळच्या, पुण्यात येऊन पंचवीस वर्षे झालेल्या. त्यांचे मराठी असे, की 'ळ' ऐकून आपणच लाजावे. त्यांनी 'कसनुसं' एवढा शब्द ऐकला आणि पुढे काही विचारण्याआधी आईच्या मानेखाली हात घातला. मान घामाने भिजली होती. "आजींनी रात्री जेवण किती घेतलं?" त्यांनी भाचीला विचारले. आईने दोन घासांवर ताट सारले होते. साखर उतरवण्याचे औषध मात्र वेळेवर दिले गेले होते. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती ५२ निघाली. त्यानंतरची पाच-दहा मिनिटे भाची अजून हातवारे करून सांगते. नळीतून ग्लुकोज गेले, आणि थोड्या वेळाने आई म्हणाली, "आता बरं वाटतंय. चहा मिळेल का?"

ज्या मुलीने दोनदा येऊन दोनदा परत जाणे पत्करले, तिच्यावर मी चिडले नाही असे नाही. पण नंतर विचार करता वाटले, तिला दोन प्रश्न शिकवलेले होते, ते तिने विचारले. तिसरा प्रश्न तिच्या आजीने शिकवायचा राहून गेला होता. आणि कोट्टायमकडून आलेल्या एका बाईने तो आपल्या आज्यांकडून उचलला होता. मराठीच्या अभिमानाचे लेख मीही लिहिले आहेत. त्या रात्रीनंतर ते लिहिताना हात जरा जपून चालतो.

असो. तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, ते होते. ४५ टक्के हवेत, ते कितीतरी अधिक होते. राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा असते, तीही पोरीने दिली. प्रवेशाच्या फेऱ्या, यादीत नाव, कागदांच्या तीन तीन प्रती, दाखल्याची मूळ प्रत नेमकी कुठल्या कपाटात आहे याचा शोध, हे सगळे तुम्हा आम्हा सर्वांच्या घरी झालेले आहे. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. दादाने फी भरली. भरताना काही बोलला नाही, आणि आमच्या दादाचे न बोलणे म्हणजे निम्मी संमती असते.

पहिल्या सत्राच्या विषयांची यादी तिने मला आणून दाखवली. शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे, आणि सगळ्यांच्या वरती 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश'. मराठीचा कुठे मागमूस नव्हता. व्यवसायबंधूंच्या वतीने मला थोडा मत्सर वाटला, हे सांगून टाकते. इंग्रजी हवेच, औषधाच्या बाटलीवरचे, डॉक्टरांच्या टिपणातले, ग्रंथातले सगळे इंग्रजीत आहे, आणि त्यात चूक झाली तर माणूस दगावतो. पण खाटेवरचा माणूस इंग्रजीत कण्हत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे ती घरी येऊन आम्हाला शिकवीत असे. चादरीचा कोपरा पाकिटासारखा कसा दुमडायचा, म्हणजे रोगी कितीही तळमळला तरी चादर सुटत नाही आणि तिच्या चुण्या पाठीला रुतत नाहीत. नाडी मोजायची ती पुरे एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, कारण मधेच एखादा ठोका चुकत असेल तर तो त्या पंधरा सेकंदांत सापडेलच असे नाही. हात धुण्याच्याही पायऱ्या असतात, आणि अंगठा बहुतेकांचा राहून जातो. वहिनीने चाळीस वर्षांत धुतलेल्या हातांचा हिशेब मांडून अंगठा कितीदा राहिला ते काढण्याचा प्रयत्न केला. महाविद्यालयात खाटेवर एक पुतळा असतो. त्याला अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचे, सुई द्यायची. "पुतळा फार शहाणा आहे," भाची म्हणाली, "काहीच बोलत नाही."

दीपप्रज्वलनाचा समारंभ झाला तेव्हा पालकांना बोलावणे होते. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, आणि मुलेही. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात, आणि ही हाक ऐकून एखादा बाबा हमखास विचारतो, "तुम्ही पाद्री का?" हातात दिवे, दालनात अंधार, आणि नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ. ही शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती अमेरिकेत डेट्रॉइटला १८९३ मध्ये लिहिली गेली. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण इथल्या अस्वच्छतेवर नि कालव्यांवर त्यांनी लंडनमध्ये बसून पुष्कळ लिहिले. त्या आमच्या धरणाच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी आल्या असत्या तर काय लिहित्या, हा विचार माझ्या मनात आला, आणि नेमक्या त्याच वेळी माझे लक्ष दादाकडे गेले. तो फोन उंच धरून चित्रण करीत होता. त्याचा हात हलत होता. घरी येऊन पाहिले तर पोरीऐवजी छताचा पंखा अधिक आला होता.

यानंतर खरे रुग्णालय सुरू झाले. पुतळा मागे राहिला आणि बोलणारी माणसे आली.

एका रात्री नऊ वाजता ती माझ्या दारात उभी. गणवेश तसाच, हातात वही. "आत्या, कसनुसं म्हणजे काय?" मी म्हटले, "तुला नाही ठाऊक? तूच तर होतीस तिथे." ती म्हणाली, "मला कळतं. लिहायचं कसं ते सांग." आम्ही दोघींनी बसून तासभर खल केला. कोश काढले. कोशात अर्थ सापडतो. पण तो शब्द उच्चारणाऱ्याची मान भिजली आहे का ते सापडत नाही. शेवटी तिनेच ठरवले, की इंग्रजी कागदावर रोग्याचा शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहायचा आणि पुढे आपण काय पाहिले ते लिहायचे. घाम, नाडी, साखर.

तेव्हापासून ती वही भरते आहे, आणि मी नकळत तिच्या अभ्यासक्रमातली बिनपगारी शिक्षिका झाले आहे. दुखण्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत हे मलाही असे कधी एकत्र दिसले नव्हते. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. डोक्यात सणक जाते, दाढेतून तिडीक उठते, पोटरीत गोळा येतो, पोटात मुरडा पडतो, उचलून धरलेल्या हाताला रग लागते. अंगात कसर असते ती तापाच्या आधी, हुडहुडी भरते ती ताप चढताना, आणि अंग मोडून येते त्याला तर इंग्रजीत काय म्हणावे हा प्रश्नच आहे. मला हे शब्दवैभव वाटत होते. तिच्या लेखी ते कामाचे सामान आहे. तिने मला समजावून सांगितले. टाक्यांची जखम चुरचुरते असे रोगी म्हणाला तर बहुधा ती वरच्यावर आहे. पण ठसठसते म्हणाला तर पट्टी सोडून बघायचे, आत पू धरत असेल. "छातीत जळजळ" म्हणणाऱ्याला लगेच पित्ताचा ठरवून मोकळे व्हायचे नाही. बोट ठेवून दाखवतो की सगळा तळवा छातीवर ठेवतो, तेही पाहायचे, आणि डावा हात जड झाला आहे का ते विचारायचे. माझ्या वर्गात अर्थच्छटा चुकली तर अर्धा गुण जातो. तिच्या वॉर्डात त्याहून जास्त जाते.

पानशेतकडच्या एका ऐंशी ओलांडलेल्या आजींची गोष्ट तर मी महाविद्यालयात सर्वांना सांगितली. वेदना मोजण्याची हल्ली एक रीत आहे. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आकडा रोग्याने सांगायचा. भाचीने आजींना हे तीनदा समजावले. आजींनी तीनदा मान डोलावली. मग म्हणाल्या, "बारा आणे दुखतंय बघ." भाचीने वहीत साडेसात लिहिले. गोळीनंतर तासाने जाऊन विचारले, तर आजी म्हणाल्या, "आता चार आणे राहिलंय." तिने अडीच लिहिले. तिच्या बाईंनी कागद पाहून विचारले की हे अर्धे अर्धे कुठून येतात? तिने कारण सांगितले. बाई काही क्षण तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पूर्णांकात लिहावं लागतं. पण विचारत जा आण्यांतच."

मी तिला त्याच सुमारास एक शब्द दिला. आमची मुले पेपरात 'सुश्रुषा' लिहितात आणि मी तांबड्या शाईने 'शुश्रूषा' करते. हे वर्षानुवर्षे चालले आहे. पण हा शब्द आला कुठून? 'ज्ञा' पासून जिज्ञासा, जाणण्याची इच्छा. 'पा' पासून पिपासा, पिण्याची इच्छा. तशीच 'श्रु' पासून शुश्रूषा. ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकण्याची इच्छा म्हणून गुरूची सेवा, आणि तिथून होता होता रोग्याची सेवा. भाची वहीत लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे सेवा नंतर आली?" मी म्हटले, "हो. आधी ऐकणं." ती म्हणाली, "हे आमच्या पुस्तकात नाही." मी म्हटले, "आमच्याही नाही."

आता ती तिसऱ्या सत्रात आहे. दादाचे मत बदलले का, असे मला लोक विचारतात. बदलले असे म्हणता यायचे नाही. त्याने नुसती दिशा बदलली. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला, आणि त्या माणसांत परिचारिकाही आहेत, हे त्याला कुठूनसे कळले. त्याने ते कात्रण कापून प्रबोधिनीच्या कॅलेंडरमागे टाचले आहे. नाक मुरडणारी स्थळे आता आपण होऊन चौकशी करतील असे त्याला वाटते. आणि तसे होईलही. वहिनीला ते कात्रण दिसले की ती कॅलेंडरचे पान फिरवते. मला दोघांचेही पटते. ज्या मुलीने आईची मान भिजलेली पाहिली, ती उद्या श्टुटगार्टला जाणार, आणि इथे एखाद्या आजीच्या उशाशी पुन्हा दोनच प्रश्न शिकलेली कोणी उभी राहणार. पण इथे तिला पगार किती मिळेल, हे विचारायला गेले की माझे तोंड बंद होते. रात्री पन्नास खाटांमागे दोघी असल्या तर ऐकण्याची इच्छा कितीही असो, कान दोनच असतात. ते आपण द्यायचे ठरवले आहे की नाही, याचे उत्तर त्या कात्रणात नाही.

परवा ती आली तेव्हा मी सरळ विचारले, "जाशील का गं जर्मनीला?"

"आधी फार्माकॉलॉजी सुटू दे," ती म्हणाली. मग जाता जाता दारात वळली. "आत्या, जर्मनीतल्या आज्या कसनुसंला काय म्हणत असतील?"

"मला काय ठाऊक!"

"कुणाला तरी विचारून ठेव," असे म्हणून तिने चप्पल पायात सरकवली. सकाळी सहाची बस गाठायची होती, आणि गणवेश अजून वाळत होता.